तळ्याचा शेवटचा दिवस

बाईंनी पहिली चौकशी केली ती माझी नव्हे, माझ्या स्कुटीची. पांढरकवड्यात एक खोली भाड्यानं आहे असं कळलं म्हणून मी त्या घरापुढे गाडी उभी केली, हेल्मेट काढलं, केस नीट केले, चेहरा जमेल तेवढा सज्जन केला. तोवर साठी ओलांडलेल्या एक बाई फाटकातून बाहेर आल्या, माझ्या मडगार्डच्या आतला वाळका चिखल त्यांनी नखानं खरवडला आणि चक्क तोंडात टाकला. मी नेरची, खोली बघायला आले, असं मी सांगेपर्यंत त्यांनी तो पुढच्या दातांनी दोनदा चावला आणि त्या बाजूला थुंकल्या.

"नेरची म्हनतेस, पन ही माती नेरची नाई," त्या म्हणाल्या. "घाटंजीकडून आलीस तू. अन् रस्त्यात एका नाल्यात घातली गाडी."

घातली होती. मी मनात म्हटलं, आई गं, कुठं येऊन पडले मी! पण गावात दुसरी खोली नव्हती आणि दुसऱ्या दिवशी मला नोकरीवर हजर व्हायचं होतं.

नोकरी सरकारी, विहिरींची. शेतातल्या नव्या विहिरी किती खोल गेल्या ते मोजायचं, खोदकाम नीट झालंय का ते बघायचं आणि आतून बांधून काढायला केव्हा सुरुवात करायची ते ठरवून सही करायची. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, लोक आपले ओव्हरसियर म्हणत. मी हे सांगितलं आणि बाईंचा चेहरा एकदम फुलला. "विहिरी? म्हंजे तू रोज विहिरीवर जाशीन?" एवढंच विचारलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, माझा स्वभाव आवडला. माझा स्वभाव आजवर कुणाला पहिल्या भेटीत आवडलेला नाही, हे मी विसरले. बाईंना मी नको होते, माझ्या विहिरी हव्या होत्या.

मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणायचं आणि त्या पुढे गेल्या की मातीखाऊ म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं. "खरं हाये ते, त्यात राग कायले?" असं म्हणायच्या. माती का चावायची, हे त्यांनी मला पहिल्याच रविवारी पोह्यांच्या वेळी समजावलं. बोटांना जे कळत नाही ते दातांना कळतं. अगदी मऊ, लोण्यासारखी लागली तर ती थांबल्या पाण्यात हळूहळू बसलेली माती. कचकच लागली तर वाहत्या पाण्यानं आणलेली. मोठ्या मोठ्या शहरांत यंत्रं असतात म्हणे, पण आपल्याकडे दात आहेत तोवर चिंता नाही. मी पोहे खाली ठेवले. त्यातही मला कचकच लागायला लागली होती.

बाईंच्या आयुष्यात एक तळं होतं. ते आता नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी होतं. आपल्याकडचा सगळा काळा दगड म्हणजे जमिनीतून वर येऊन पसरलेला लाव्हा. तो एकदम नाही आला, थरांनी आला. एक थर थंड झाला की मग हजारो वर्षं शांतता. तेवढ्यात त्याच्यावर पाऊस पडायचा, तळी साचायची, झाडं उगवायची, गोगलगाई नांदायच्या. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळ्यावर झाकण पडायचं. म्हणून एखाद्या विहिरीत वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मधे पांढरट हिरवी मऊ माती लागते. शेतकरी म्हणतो, चला, खोदकाम सोपं झालं. बाई म्हणत, तळं लागलं.

त्या तळ्याबद्दल त्या अशा बोलत की जणू गेल्या वर्षी तिथं राहून आल्यात. मे महिन्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, काय वं हे ऊन, जीव जाऊन राह्यला, की बाई हातपंख्यानं वारा घेत म्हणायच्या, "हे काई ऊन होय? त्या टायमाले ताडाची झाडं होती अथी, ताडाची! घामानं जीव गेला असता तुमचा." स्टँडवर यवतमाळची गाडी लेट झाली आणि लोक वैतागले, तर ह्या बाकावर बसून शांतपणे डबा उघडायच्या. "दम धरा ना. साडेसहा कोटी वर्षं थांबलं ते, तुमाले अर्धा घंटा थांबवत नाई?" काय थांबलं, कोण थांबलं, बिचाऱ्या लोकांना काही कळायचं नाही.

आणि संक्रांतीचं वाण! बायका कुणी प्लास्टिकचे डबे देतात, कुणी चाळण्या देतात. बाई प्रत्येकीच्या ओटीत दगडाची एक गोगलगाय घालत. बोराएवढी, वळसेदार, सुंदर. बायका आधी हसायच्या. पण टाकवत कुणालाच नसे. पांढरकवड्यातल्या निम्म्या तुळशींच्या कुंड्यांत आजही बाईंच्या गोगलगाई आहेत.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मिठाईचे डबे, बिस्किटांचे डबे, औषधांच्या बाटल्या, सगळ्यांत माती, आणि प्रत्येकावर शाळेतल्या अक्षरात चिठ्ठी: कोणाची विहीर, किती हात खाली, काय सापडलं. एक लांब वही होती, तिच्यात शेवटचा रकाना 'कोणी तपासलं'. त्या रकान्यात पहिल्या पानापासून एकच शब्द होता, मी, मी, मी. "दुसरं कोन तपासते माय?" त्या म्हणत.

ह्या सगळ्याच्या मागे एक भांडण होतं. फार वर्षांपूर्वी एक मोठे साहेब, ह्याच विषयातले जाणकार, इकडे आले होते. बाईंनी मोठ्या उत्साहानं त्यांना आपले डबे दाखवले. साहेब म्हणाले, छान छंद आहे, पण तुमचं तळं लाव्हा येण्याच्या कितीतरी आधीच आटून गेलं होतं. मेलेल्या तळ्यावर लाव्हा आला. बाई म्हणाल्या, नाही, भरलेलं होतं. साहेब हसून म्हणाले, पुरावा? आणि पुरावा नव्हता. कारण तळ्याचं बूड आणि झाकण दोन्ही एकाच ठिकाणी, सलग, न विस्कटलेलं पाहायला हवं, तर शेवटी काय झालं ते कळणार. बाईंना कुठं बूड मिळालं, कुठं झाकण मिळालं. दोन्ही एकत्र कधी मिळालं नाही.

"पन तुमाले काय फरक पडते, बाई?" मी एकदा विचारलं. "भरलेलं असो की आटलेलं. मेलं ना ते शेवटी."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाचवी 'ब'मध्ये जाऊन उभी राहिले. "घरात कोनी नाई म्हनून कुलूप लावनं येगळं, अन् भरल्या घराले बाहेरून कडी घालनं येगळं. त्या गोगलगाई होत्या का नव्हत्या घरात, हे मले पाह्यचं हाये. मले त्याईचा लळा लागला."

मी विहिरींवर जाऊ लागले तशी रोज संध्याकाळी माझी तोंडी परीक्षा होई. काय लागलं? रंग कोणता? ओली होती का? मी चिडायचे. दिवसभर उन्हात टेप धरून उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा मातीचंच! पण एका दिवशी मी सहज सांगून गेले की फाट्यापलीकडच्या गावात शेवंताबाईंच्या शेतातल्या विहिरीत वर दगड, मग बोटभर लाल थर, मग दोन पुरुष उंचीची माती आणि खाली परत दगड लागला आहे. बाईंच्या हातातली पोळी ताटात पडली.

"बोटभर लाल? विटेसारखा?"

"हो, विटेसारखाच."

"भाजली ती, पोरी. लाव्ह्यानं भाजली. ते झाकन होय." त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. "अन् खाली बूड. थांब, म्या उद्या येतो." बाई आनंदात असल्या की मुलग्यासारखं बोलत, येतो, जातो.

पण येणार कशा? विहिरीत उतरायचं तर क्रेनच्या लोखंडी बादलीत बसून, आणि बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. देवळाची पायरी चढायला त्यांना दोन माणसं लागत. मग त्यांनी ठरवलं, नागपूरला भाचीकडे जायचं, गुडघ्यांत इंजेक्शनं घ्यायची आणि दहा दिवसांत परत यायचं. "तवलग बांधू नको विहीर. एवढंच कर माह्यासाठी. मग उतरन म्या, पाहीन, अन् मग तू सिमेंट लाव की सोनं लाव." मी कबूल केलं. विहीर कोरडी होती, पाऊस लांब होता. थांबता आलं असतं.

आणि नेमकं त्या शनिवारी लोणच्याचं झालं. आईनं नेरहून लिंबाचं लोणचं पाठवलं होतं, मोठ्या काचेच्या बरणीत, मुरलेलं. मी कामावरून आले तर लोणचं एका पातेल्यात, वर ताटली झाकलेली, आणि माझी बरणी बाईंच्या फळीवर. धुऊन, पुसून, आत कुठल्यातरी नाल्यातली माती. वर चिठ्ठी. मी मुळात तापट. त्यात भुकेली. मी जे बोलले ते आता लिहवत नाही. इतकंच सांगते, की 'मेलेल्या गोगलगाईंपायी जित्या माणसाचं लोणचं' असं एक वाक्य त्यात होतं. बाई रविवारी सकाळी पिशवी घेऊन नागपूरला गेल्या.

सोमवारी मी शेवंताबाईंच्या विहिरीवर सही केली. मिस्तरी रिकामा होता, मऊ मातीची भिंत सुटण्याची भीती होती, अशी कारणं मी स्वतःला दिली. ती खोटी नव्हती. पण खरं कारण लिंबाचं लोणचं होतं, आणि मला ते सही करतानाच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी राग गेला. तोवर सेंट्रिंगच्या पाट्या लागल्या होत्या.

दहा दिवसांत बाईंचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी फक्त गुडघ्यांबद्दल बोलले. काय भित्री मी!

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई दारात उभ्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, कमरेला हातोडी, गळ्यात शाळेतली शिट्टी, खाली गेल्यावर क्रेनवाल्याला खूण करायला. मी म्हटलं, बाई, ऊन फार आहे, उद्या जाऊ. "उद्या काहून? इंजेक्शनचा असर आज हाये." आणि माझ्या मागे स्कुटीवर बसल्या. सगळा रस्ता त्या माझ्या कानाशी बोलत होत्या. आधी लाल थर पाहीन, मग त्याच्या खालची पहिली वीतभर माती. सगळं त्या वीतभर मातीतच आहे, ते तळ्याचे शेवटचे दिवस. तिथं गोगलगाई सापडल्या तर साहेबाला पत्र. मी हं, हं, करत होते. तीन वेळा मी सांगायचं ठरवलं आणि तीन वेळा खड्डा चुकवायचं निमित्त केलं.

विहीर वरपासून खालपर्यंत करड्या सिमेंटची झाली होती. बाई काठावर उभ्या राहिल्या. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोरी नीट गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.

"कवा सही केली?"

"सोमवारी."

"म्हंजे लोनच्यानंतर."

"हो, बाई."

"पक्कं झालं काम," त्या म्हणाल्या. "बरं झालं. भिंत सुटली असती तर कोनाच्या अंगावर गेली असती." त्या ओरडल्या असत्या, हातोडी फेकून मारली असती तर बरं वाटलं असतं. मी तिथंच, चार मजुरांसमोर, नाक पुसत रडायला लागले. "बह्याड पोट्टी," बाई म्हणाल्या, "रडतेस कायले? चाल, च्या तरी पाज मले कोनी."

शेवंताबाईंचं घर शेतातच होतं. पुढं दोन खोल्या सिमेंटच्या, मागचं जुनं घर मातीचं. शेवंताबाई म्हणजे काटक, चटपटीत बाई, कापूस, तूर, सोयाबीन सगळं स्वतः बघणारी. त्यांनी आम्हाला जुन्या घरात गारव्याला बसवलं. सून प्रणिता, दिवस भरत आलेली, पाणी देऊन गेली. बाई भिंतीला टेकून बसल्या. चहा झाला, त्या उठू लागल्या, आणि पाहतात तो साडीचा खांदा पांढरा. त्यांनी खांद्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. नखानं भिंत खरवडली आणि दातात धरली.

"शेवंताबाई," त्या हळूच म्हणाल्या, "ही माती कोठची?"

"कोठची म्हंजे? इहिरीतलीच. अशी गुळगुळीत माती निघून राह्यली, मंग कोन सोडते? सुनेचं सातव्या महिन्याचं जेवन होतं, म्या म्हनलं, घर सारवून-पोतारून घ्यावं."

"सगळं घर एकाच दिवशी पोतारलं?"

"नाई वं बाई. रोज जेवढी निघे तेवढी ओलीच आनायची अन् लावायची. वाळली की मंग कालवाले जोर लागते."

बाईंनी माझा दंड असा धरला की वळ उठला. मला अजून काही कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. विहीर वरून खाली खोदतात. पहिल्या दिवशीची माती सगळ्यात वरची, शेवटच्या दिवशीची बुडाची. शेवंताबाईंनी तळं तसंच्या तसं, दिवसाच्या दिवस, भिंतींवर मांडून ठेवलं होतं.

"कोनत्या दिवसाची माती कोनत्या भितीले, आठवते तुमाले?"

शेवंताबाईंना हा अपमानच वाटला. "घर माहं, हात माहे, अन् आठवनार नाई?" त्या पदर खोचून उठल्या आणि आम्हाला घरभर फिरवलं. सगळ्यात शेवटची माती न्हाणीच्या भिंतीला. "तिच्यात रेती होती, पोतारा बसेच ना." बाई वहीत लिहीत होत्या, बूड, वाहतं पाणी. त्याच्या आदल्या दिवशीची काळीभोर. "भितीले काळी कोन लावते? चुलीचा ओटा केला." बाईंनी ओटा खरवडला, चावला, डोळे मिटले. पालापाचोळा, दलदल, झाडंच झाडं. त्याच्या आदल्या दिवशीची देवघराला, तिच्यात चुनखडीचे खडे. "वेचून वेचून बोटं दुखली माही."

"दुष्काळ!" बाई आनंदानं ओरडल्या. "पानी आटलं की असे खडे धरतात. दुष्काळ पडलता!"

"कवा?" शेवंताबाई घाबरल्या.

"लय वर्षं झाले. तुमी चाला."

देवघराच्या आधी बसायच्या खोलीची भिंत, जिला बाई टेकल्या होत्या. हिरवट, मऊ. पाणी परत आलं होतं. मोडक्या शिंपल्यांचे कण होते तिच्यात. बाईंनी वहीचं नवं पान उघडलं. "अन् ह्याच्या आधीची? पयल्या दिवशीची? लाल थर फोडला, त्याच्या खालची?"

शेवंताबाई थांबल्या. कपाळाला आठ्या पडल्या. "ती लय थोडी होती. एक लहान टोपली. अशी मऊ, अशी मऊ, का म्या म्हनलं उंबरठ्याले लावीन. मांगच्या पायरीवर ठेवलती. मंग पाहाले गेली तर टोपली रिती. कोंबड्याईनं उकरली असन."

बाईंनी वही मिटली आणि त्या खाटेवर बसल्या. बूड होतं, दुष्काळ होता, परतलेलं पाणी होतं. फक्त शेवटचे दिवस नव्हते. सही माझी, आणि टोपली कोंबड्यांनी उकरलेली.

तेवढ्यात दारातून बारीक आवाज आला. प्रणिता पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत उभी होती. "आई, कोंबड्याईनं नाई. म्या खाल्ली."

"काय?"

"माती. मले राहवेच ना. वास असा येत होता..."

"माय वं!" शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला. "टोपलीभर?"

"एकाच दिवशी नाई खाल्ली," प्रणिता रडवेली होऊन म्हणाली.

पुढचं बाईंनी काय केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्या ताठ बसल्या. पर्समधून चष्मा काढला, वही उघडली, आणि प्रणिताला समोर स्टुलावर बसवलं. दहावीची तोंडी परीक्षा असावी तसं.

"घाबरू नको. म्या बी खातो. मले फक्त खरं सांग. दातात कचकच होती?"

"नाई जी. पेढ्यावानी. जिभेवर इरघळे."

"मग काहीच लागे ना मधात?"

"लागे. बारकं बारकं टनक. ज्वारीच्या दान्याएवढं. ते मी थुकून टाकत जाऊ."

"गोल का चपटं?"

प्रणितानं डोळे मिटले, जीभ तोंडातल्या तोंडात फिरवली. "गोल. अन् जिभेले वळसा लागे."

बाईंचं पेन थांबलं. "टोपलीच्या वरतीच लागे, का बुडापर्यंत?"

"बुडापर्यंत लागे."

"थुकत कोठी होतीस?"

मागच्या पायरीवर बसून ती माती खायची, सासूबाई शेतात गेल्या की, आणि पायरीच्या डाव्या बाजूला थुंकायची. बाई तिथं गेल्या आणि त्या गुडघ्यांनी, ज्यांना देवळाची पायरी चढवत नव्हती, सरळ जमिनीवर बसल्या. कोंबड्या हाकलल्या. बोटांनी धूळ चाळायला लागल्या. मी पण बसले. शेवंताबाई बसल्या. प्रणिता वरून, "तथी, तथी, त्या दगडाजोळ," असं सांगत होती. पहिली मला सापडली. ज्वारीच्या दाण्याएवढी गोगलगाय, दगड झालेली, तोंडाची कड शाबूत. मग बाईंना दोन. मग शेवंताबाईंना एकदम चार. मोडकी एकही नव्हती.

बाईंनी त्या तळहातावर ओळीनं मांडल्या. "कोनी वाहून आनल्या असत्या तर फुटल्या असत्या," त्या म्हणाल्या. "ह्या अथीच जगल्या. थांबल्या पान्यात." त्यांचे डोळे वाहायला लागले आणि त्या हसतही होत्या. "भरलं होतं. लाव्हा आला तवलग भरलं होतं माहं तळं. घरात होत्या त्या, पोरी. समद्या घरात होत्या."

शेवंताबाईंना अर्थ कळला नसावा, पण त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. मग बाईंना उठता येईना. आम्ही तिघींनी मिळून उचललं. इंजेक्शनचा सगळा असर पायरीपाशी संपला होता. निघताना बाईंनी प्रणिताला बजावलं, "आता बस. डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या ना, त्या खाय. माती खानं माहं काम."

परतताना फाट्यावर मी गाडी थांबवली आणि म्हटलं, बाई, माझं चुकलं. रागात केलं मी. मला माफ करा.

"लोनचं चांगलं होतं," बाई मागून म्हणाल्या. "नागपूरले जाताना डब्यात नेलं अर्धं. तुले सांगितलं नाई." मग म्हणाल्या, "अन् बरनी मागायची होती म्या. न मागता घेतली. माहंबी चुकलंच. चाल आता, ऊन झालं."

त्या संध्याकाळी वहीत 'कोणी तपासलं' ह्या रकान्यात इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'मी' सोडून दुसरं नाव पडलं. प्रणिता, दातांनी. आणि त्याच्या खालच्या ओळीत, मला न विचारता, ओव्हरसियर, बोटांनी.

साहेबांना पत्र गेलं. सोबत दोन गोगलगाई कापसात गुंडाळून. साहेब आता म्हातारे झालेले, पण त्यांनी उत्तर दिलं. लिहिलं होतं, आपण म्हणता ते संभवनीय आहे, परंतु मातीचा मूळ नमुना कुठे ठेवला आहे? बाईंनी पोस्टकार्डावर एका ओळीत कळवलं: नमुना सध्या नवव्या महिन्यात असून प्रकृती उत्तम आहे.

त्याचं उत्तर आलं नाही. बाई म्हणाल्या, "हरला."

मुलगी झाली. बारशाला लोकांनी झबली आणली, टोपडी आणली. बाईंनी आपल्याजवळची सगळ्यात मोठी गोगलगाय आणली, लिंबाएवढी, आणि शेवंताबाईंनी ती हौसेनं काळ्या दोऱ्यात ओवून पाळण्याला बांधली. माझी बदली दिग्रसला झाली तरी मी पहिल्या वाढदिवसाला मुद्दाम गेले. बाई नागपूरच्या भाचीला सोबत घेऊन आल्या होत्या, हातात काठी. मला पाहिल्याबरोबर विचारलं, "दिग्रसले विहिरीत काय लागून राह्यलं?" माझी बरणी त्यांनी परत आणली होती. तिच्यात त्या दिवशीच्या पाच गोगलगाई होत्या आणि झाकण उघडलं की अजून लिंबाचा वास येत होता.

केक कापायचा होता. मुलीला पाळण्याजवळ चटईवर बसवलं होतं. सगळ्यांचं लक्ष मेणबत्तीकडे, आणि ह्या बयेनं पाळण्याचा दोरा ओढून ती दगडाची गोगलगाय दोन्ही हातांत धरली आणि दोन नव्या दातांनी कडकडून चावली. एकच कल्ला झाला. प्रणिता धावली, शेवंताबाई धावल्या, मी धावले.

"थांबा वं!" बाईंनी काठी आडवी धरली. पुढं वाकून त्या पोरीच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. "काय म्हनते ते पाहू तर द्या."